साहेबाची बरणी

"घरी केलेले आहे डॉक्टर, मग बाधायचे कशाला?" हे वाक्य दवाखान्यात मला आठवड्यातून दोन-चार वेळा तरी ऐकू येते. पूर्वी ते आंब्याच्या लोणच्याबद्दल आणि गुळांब्याबद्दल असे. आता त्यात विलायती मालाची भर पडली आहे. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांतली मुले-मुली इंग्लंडात नोकरीला आहेत. ती सुटीत येतात तेव्हा बॅगेतून मार्मालेडची बरणी, सफरचंदाची चटणी, प्लमचा जाम असे काहीतरी घेऊन येतात. बरणीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी असते, शेजारच्या आजीबाईंनी स्वतः केलेले असते. मग मधुमेह असलेले वडील मला विचारतात, "हा काही बाजारी जाम नाही. थोडा जास्त खाल्ला तर चालेल ना?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येईल, पण त्याने समाधान होणार नाही. म्हणून आज इंग्रजांच्या घरगुती स्वयंपाकघरात जरा डोकावू. तिथले साठवणीचे शास्त्र पक्के आहे. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि सावध राहण्यासारखेही तेवढेच आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती हवामानाची. इंग्लंडात जूनमध्ये स्ट्रॉबेरी येते, मग रासबेरी, करवंदासारखे काळे बेदाणे, प्लम, आणि ऑक्टोबरपर्यंत सफरचंद. त्यानंतर पाच-सहा महिने बागेत फळ म्हणून काही मिळत नाही. तेव्हा चार महिन्यांत पिकलेले बारा महिने पुरवायचे, ही तिथल्या गृहिणीची गरज होती. जाम, जेली, मुरवलेले मांस, धुरावलेले मासे, व्हिनेगरमधले कांदे हे सारे या गरजेतून जन्माला आले. कडू संत्र्यांचे मार्मालेड तेवढे भर हिवाळ्यात होते, कारण स्पेनमधल्या सेव्हिलची संत्री जानेवारीच्या सुमारास तिथे पोहोचतात.

मापात शास्त्र

जाम करणे म्हणजे फळ आणि साखर एकत्र शिजवणे, एवढेच नव्हे. फळाच्या सालीत आणि बियांभोवती पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो. त्याला पुरेशी आंबट आणि पुरेशी साखर मिळाली की तो घट्ट जाळे धरतो. साधारणपणे फळाच्या वजनाइतकी साखर घालतात आणि मिश्रण १०४ ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळतात. पाणी १०० अंशाला उकळते. साखर दाट होत जाईल तसा उकळबिंदू चढतो. आपल्याकडे पाकाची तार पाहतात, तशी इंग्रज बाई थंडगार बशीत थेंब टाकून बोटाने सरकवते. वर सुरकुती पडली की जाम झाला.

तयार जामात साखरेचे प्रमाण शेकडा ६० ते ६५ असते. एवढ्या दाट साखरेत जंतूंना वाढायला मोकळे पाणीच उरत नाही. जंतूच्या पेशीतले पाणी उलट बाहेर ओढले जाते. मीठही हेच काम करते, आणि व्हिनेगर आंबटपणाने जंतूंची वाढ थांबवते. साठवणीचे सारे शास्त्र या तीन खांबांवर आणि उष्णतेवर उभे आहे.

यातला चटणीचा भाग तर आपल्याच घरून गेलेला आहे. कंपनी सरकारच्या काळात इकडे आलेले साहेब लोणच्या-चटण्यांची चटक घेऊन परत गेले. तिकडे कैरी कुठून मिळणार? तेव्हा त्यांनी काकडी, खरबूज यांनाच कैरी मानून लोणचे घातले. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकांत 'हिंदी लोणचे' म्हणून कृती छापलेल्या आहेत. पुढे 'चटणी' हा शब्दच त्यांच्या भाषेत गेला. पण आपली चटणी रोज ताजी वाटायची आणि चवीपुरती ताटाच्या डाव्या बाजूला वाढायची. त्यांची चटणी सफरचंद, कांदा, बेदाणे, आले, साखर आणि व्हिनेगर घालून दोन-दोन तास आटवायची आणि दोन-तीन महिने मुरू द्यायची. नाव तेच राहिले, पण पदार्थ गोड मुरांब्याकडे झुकला. चटणी म्हणून ती मनमुराद वाढून घेणाऱ्या मधुमेह्यांनी हे लक्षात ठेवावे.

जिथे घरगुतीपणा कामाला येत नाही

आता जरा गंभीर विषय. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जंतू मातीत असतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांची उष्णता लागते. हवाबंद डब्यात, जिथे आंबट नाही आणि पुरेशी साखर किंवा मीठ नाही, तिथे तो वाढतो आणि विष तयार करतो. या विषाने डोळ्यांना दोन-दोन दिसू लागते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अन्नाला वास किंवा चव बिघडलेली असेलच असे नाही.

स्कॉटलंडमध्ये लॉक मरी या सरोवराकाठच्या हॉटेलात ऑगस्ट १९२२ मध्ये सहलीला निघालेल्या पाहुण्यांना बदकाच्या मांसाची पेस्ट लावलेली सँडविचे दिली होती. काचेच्या एका बरणीतल्या त्या पेस्टने आठ माणसे दगावली. ती बरणी घरची नव्हती, कारखान्यातली होती. कारखान्यात जी चूक होऊ शकते, ती घरी होणार नाही असे मानायला काही आधार नाही. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने गृहिणींना बजावले होते की फळे खुशाल बाटलीबंद करा, कारण ती आंबट असतात. पण भाज्या प्रेशर कुकरशिवाय बाटलीत भरू नका. शेंगा टिकवायच्या तर तीन भाग शेंगांना एक भाग मीठ घालून खारवा.

दुसरे उदाहरण तर मधुमेह्यांनी मुद्दाम वाचावे. १९८९ साली ब्रिटनमध्ये हेझलनट या कवचफळाच्या स्वादाचे दही खाऊन २७ जणांना हीच विषबाधा झाली आणि एक जण मरण पावला. दह्यात दोष नव्हता. दोष त्यात मिसळलेल्या हेझलनटच्या डबाबंद लगद्यात होता. त्या लगद्यात साखरेऐवजी कृत्रिम गोडी घातली होती. गोडी तेवढीच राहिली, पण जंतूंना रोखणारी साखर गेली आणि डब्याला दिलेली उष्णता तेवढी पुरेशी नव्हती.

हे सांगण्याचे कारण असे. हल्ली मोबाईलवर बिनसाखरेचा जाम, कमी मिठाचे लोणचे, तेल न घालता केलेले लसणाचे टिकाऊ वाटण अशा कृती धडाधड येत असतात. हेतू चांगला असतो. पण साठवणीच्या पदार्थातली साखर आणि मीठ केवळ चवीसाठी नसते, ते पहारेकरी असतात. पहारेकरी काढून घ्यायचा आणि दार मात्र उघडे ठेवायचे, हे चालणार नाही. माझे मत स्पष्ट आहे. साठवणीच्या पदार्थाची कृती बदलू नका, त्याची मात्रा बदला. पथ्य बरणीत करू नये, ताटात करावे. साखर कमी घातलेला जाम हवाच असेल तर तो चार-आठ दिवसांपुरता करावा आणि फ्रीजमध्ये ठेवून संपवावा.

जीवनसत्त्वांचा भ्रम

दुसरा समज असा की मार्मालेड म्हणजे संत्रे, आणि संत्रे म्हणजे क जीवनसत्त्व. याचे उत्तर इंग्रजांच्याच आरमाराने देऊन ठेवले आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने सॉल्सबरी जहाजावरच्या स्कर्व्हीच्या १२ रोग्यांवर दोघादोघांच्या जोड्या करून वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. पुढे त्याच लिंडने रस आटवून टिकवण्याची युक्ती सांगितली, पण आटवलेल्या रसात गुण फारसा उरत नव्हता. उष्णतेने जीवनसत्त्व नष्ट होते हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. आरमारात लिंबाचा रस सरसकट सुरू व्हायला १७९५ साल उजाडले. तात्पर्य, तासभर उकळलेल्या मार्मालेडपेक्षा जेवणात पिळलेली अर्धी लिंबाची फोड केव्हाही श्रेष्ठ.

युद्धकाळात संत्री येईनाशी झाली तेव्हा ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांनी कुंपणावरच्या रानगुलाबाची फळे शेकडो टनांनी गोळा केली. या फळांत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते. त्यांचे सरबत लहान मुलांना दिले गेले आणि त्या काळात ते उपयोगी पडले. पण युद्ध संपल्यावरही आया ते दाट गोड सरबत चोखणीत घालून बाळांच्या तोंडात देत राहिल्या, आणि पुढचे दात किडलेली मुले दंतवैद्यांकडे येऊ लागली. टंचाईत जे औषध होते, ते सुबत्तेत अपाय करू लागले.

भाकरतुकडा आणि जाम

साखरेची गोष्ट याहून मोठी आहे. ब्रिटनने १८७४ साली साखरेवरचा कर काढून टाकला. साखर स्वस्त झाली आणि जामचे कारखाने उभे राहिले. गिरणीत राबणाऱ्या बाईला चूल पेटवून शिजवायला वेळ नसे. मग मुलांच्या पुढ्यात पांढरा पाव, जाम आणि साखरेचा चहा येऊ लागला. पोट भरे, पण अंग भरत नसे. बोअर युद्धात सैन्यभरतीला आलेले तरुण शरीराने इतके किरकोळ निघाले की सरकारला समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९०४ मध्ये आला आणि १९०६ मध्ये शाळेतून मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. 'पारंपरिक इंग्रजी जेवण' म्हणून ज्याचे आज कौतुक होते, त्यात हेही होते, हे विसरू नये.

याच देशाने पुढे नकळत एक मोठा धडा जगाला दिला. ८ जानेवारी १९४० रोजी ब्रिटनमध्ये साखर, लोणी आणि बेकन यांचे रेशनिंग सुरू झाले. साखर बहुतेक काळ माणशी आठवड्याला ८ औंस, म्हणजे सुमारे सव्वादोनशे ग्रॅम होती. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन आणि त्यांचे शास्त्रीय सल्लागार जॅक ड्रमंड यांनी दूध आधी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना, पाव कमी चाळलेल्या पिठाचा, आणि अंगणात भाजी असा कार्यक्रम राबवला. गावोगावच्या विमेन्स इन्स्टिट्यूट या महिला मंडळांनी सरकारकडून साखर घेऊन १९४० ते १९४५ या काळात ५,३०० टनांहून जास्त फळे टिकवली. युद्ध संपले तेव्हा बालमृत्यूचे प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा कमी झालेले होते. म्हणजे बरण्या भरल्या जात होत्या, पण घरात येणारा जाम मोजून येत होता, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या.

साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि लोकांचे साखर खाणे थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाले. अगदी त्या आगेमागे जन्मलेल्या माणसांची तुलना करणारा एक अभ्यास २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांना रेशनची मोजकी साखर मिळाली, त्यांच्यात पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. ज्यांना हे विकार झाले, त्यांनाही मधुमेह सुमारे चार वर्षे आणि रक्तदाब सुमारे दोन वर्षे उशिरा झाला. ही तुलना आहे, प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे, हे मान्य. पण गरोदर सुनेला पेढ्यांचे आणि बाळाला साखरपाण्याचे आग्रह करणाऱ्या आपल्या घरांनी या आकड्यांकडे डोळेझाक करू नये. दोन वर्षांखालच्या मुलाला वरून साखर देऊ नये, असेच आजचे शास्त्र सांगते. त्यात मध, जाम आणि मुरांबाही आला.

मीठ आणि धूर

सामिष खाणाऱ्यांसाठी दोन शब्द. इंग्रजांच्या न्याहारीतले बेकन, हॅम, आणि मिठात ठेवून धुरावलेला हेरिंग मासा हे सारे हिवाळ्याच्या तरतुदीचे पदार्थ. मांस मुरवताना मिठाबरोबर सोरा घालत, त्याने रंग लाल राहतो आणि जंतूही रोखले जातात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा प्रक्रिया केलेल्या मांसाची नोंद कर्करोगकारक पदार्थांत केली. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ते तंबाखूइतके घातक आहे असा याचा अर्थ नाही. पुरावा पक्का आहे, एवढाच अर्थ. सणासुदीला चाखले तर घाबरू नये, पण रोजच्या न्याहारीत त्याला जागा नाही.

मिठाच्या बाबतीत मात्र ब्रिटनचे अनुकरण जरूर करावे. २००३ पासून त्यांनी पाव आणि तयार पदार्थांतले मीठ हळूहळू उतरवले. लोकांचे रोजचे मीठ २००१ च्या सुमारास साडेनऊ ग्रॅम होते, ते २०११ पर्यंत सुमारे आठवर आले, आणि जिभेला पत्ताही लागला नाही. लक्ष्य पाच ग्रॅमचे, म्हणजे सपाट चमचाभराचे आहे.

घेण्यासारखे काय

केवळ दोष दाखवणे अन्यायाचे होईल. इंग्रजांच्या जुन्या स्वयंपाकघरात काही पदार्थ अस्सल गुणाचे आहेत. स्कॉटलंडची ओटची लापशी नुसत्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून करतात. तिच्यातला बीटा-ग्लुकन हा चोथा कोलेस्टेरॉल उतरवतो. सातू, गाजर, सलगम आणि मटारडाळ घालून मंद आचेवर केलेले सूप म्हाताऱ्या माणसांना उत्तम. रविवारी भाजलेल्या मांसातले उरलेले सोमवारी-मंगळवारी दुसऱ्या रूपात वापरण्याची काटकसर आपल्या गृहिणीलाही कळण्यासारखी आहे. उलट, कोबी सोडा घालून लगदा होईपर्यंत उकळण्याची त्यांची जुनी खोड मात्र त्यांनाच लखलाभ असो. सोड्याने रंग हिरवा राहतो आणि जीवनसत्त्वे जातात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचा हिशेब करू. एक मोठा चमचा जाम सुमारे २० ग्रॅम भरतो. पावाच्या दोन कापांवर दोन चमचे लावले तर ४० ग्रॅम जाम, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखर झाली. दिवसभरात वरून घेतलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. म्हणजे चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच दिवसाचा कोटा संपला. आजीबाईंनी केलेला असो की कारखान्याने, साखरेचा हिशेब बदलत नाही. रक्तात गेल्यावर साखरेला माहेर-सासर नसते.

शिवाय आपली प्रकृती साहेबाची नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांत मधुमेहाचे प्रमाण तिथल्या गोऱ्या लोकांच्या दोन ते चार पट आढळते, आणि तोही कमी वयात, कमी वजनात होतो. इकडे भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. तेव्हा त्यांच्या ताटातली मात्रा आपल्याला जशीच्या तशी लागू होणार नाही.

थोडक्यात सांगायचे तर :

१) जाम, मुरांबा, गोड चटणी ही तोंडी लावणी आहेत. निरोगी माणसाने दिवसाला एक छोटा चमचा घ्यावा. मधुमेह्याने साखर ताब्यात असेल तरच, डॉक्टरांना विचारून, कधीमधी चाखावे.

२) जाम पांढऱ्या पावाऐवजी गव्हाच्या जाड पोळीवर लावावा, आणि चहात त्या वेळी साखर घेऊ नये.

३) फळ हवे तर ताजे खावे. आपल्याकडे बारा महिने पेरू, केळी, पपई, बोरे, संत्री यांतले काहीतरी मिळते. साहेबाची अडचण आपल्याला नाही.

४) बरणीवर तारीख लिहावी. ही इंग्रज गृहिणीची सवय सोन्यासारखी आहे. कोरडा चमचा वापरावा. फुगलेले झाकण, फसफस किंवा बुरशी दिसली तर वरवर काढून खाऊ नये, सारे टाकून द्यावे.

५) भाज्या, मांस, लसूण घरी हवाबंद करून बाहेर ठेवण्याचे प्रयोग करू नयेत.

६) एखादा साठवणीचा पदार्थ खाल्ल्यावर दोन-दोन दिसणे, जीभ जड होणे, गिळताना त्रास होणे असे काही झाले तर घरगुती उपाय न करता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे आणि उरलेला पदार्थ बरोबर न्यावा.

परदेशातल्या लेकाने प्रेमाने आणलेली बरणी फेकून द्या असे मी मुळीच म्हणणार नाही. ती उघडावी, घरातल्या सर्वांनी चमचा-चमचा चाखावी, आणि शेजाऱ्यांकडेही वाटीभर पाठवावी. बरणी जितक्या जास्त लोकांत वाटली जाईल तितकी प्रत्येकाच्या वाट्याला कमी येईल. वैद्यकीय दृष्टीने तेच उत्तम. रेशनच्या काळात ब्रिटनला ही मात्रा सरकारने घालून दिली होती. आपल्याला ती आपल्याच हाताने घालून घ्यायची आहे.